तंजावरचा अर्धा शिक्का

अलमेलू येणार की नाही, यावर एन्नोरच्या घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. हरिप्रसादचं म्हणणं, येणार नाही. थोरल्या घरातलं कुणी एकाहत्तर वर्षांत आपल्या आईसमोर टेकलेलं नाही, ते आता कशाला येतात. ऊर्मीला वाटत होतं, येईल. बापाच्या हातचं पत्र बघायला मिळत असेल तर कोण घरी बसेल? तुळसीने लेकाचं ऐकलं, नातीचं ऐकलं, आणि शनिवारी दुपारीच तपकिरी कांजीवरम पेटीतून काढून खिडकीत वाऱ्यावर टाकली. तासाभरात तिच्यावर विजेच्या कारखान्याची राख बसली, तेव्हा झटकून आत घेतली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती कुठे जायचं म्हणून साडी बदलत नसे. उद्या बदलणार होती.

रविवारी साडेनऊला, लेक आणि नातीबरोबर, दर मजल्यावर एकदा कठड्याला टेकत, ती अड्यारच्या त्या इमारतीचा तिसरा मजला चढून गेली. दार उघडंच होतं. दाराला लागून असलेल्या खुर्चीत अलमेलू बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची, उंच, पर्स मांडीवर धरलेली, उठून जायला एक पाऊल पुरेल अशा बेताने बसलेली. म्हातारीला जाता यावं म्हणून तिने गुडघे बाजूला घेतले. तिची नात शर्मिष्ठा मात्र गोंधळून अर्धवट उभी राहिली आणि आजीकडे बघून पुन्हा बसली.

घर अशोकरावांचं. त्यांच्या मुलाशी, मकरंदशी, ऊर्मीचं लग्न ठरत आलं होतं. मकरंद बंगलोरला नोकरीवर होता आणि आजच्या बैठकीत त्याचं कामही नव्हतं. अशोकराव मूळचे सांगलीचे, हवामान खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पाऊस किती पडला हे मिलिमीटरच्या दशांशापर्यंत लिहायची सवय त्यांना नोकरीनंतरही सुटली नव्हती. छंदही तसाच. तिकिटं गोळा करणारे पुष्कळ असतात. अशोकरावांना तिकीट गळून पडलेली पाकिटं लागत. टपालाची विमानं नवी नवी उडायला लागली त्या काळात ती पडतही फार. पडलेल्या विमानातून जी पत्रं हाती लागत, भिजलेली, जळकी, चिखलाची, ती टपालखातं वाळवून, वर तसा शिक्का मारून, ज्याची त्याला पोचवत असे. अशी एकशेबारा पत्रं अशोकरावांच्या कपाटात होती.

ऊर्मी पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यांनी मराठी माणसाच्या रिवाजाप्रमाणे मूळ गाव विचारलं, मग गल्ली विचारली. तंजावर, मेलवीधी, असं ऊर्मी म्हणाली तेव्हा ते चहा तसाच ठेवून उठले आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आले. पत्ता टाईप केलेला होता: सकवारबाई, माधवरावांची पत्नी, मेलवीधी, तंजावर. साल एकोणीसशे पस्तीस. पाकिटाचा एक कोपरा फाटून गेलेला.

ऊर्मीने घरी येऊन हे सांगितलं, आणि तुळसी धुतलेल्या तांदळाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, अलमेलूला बोलवा. तिच्यासमोर बघायचं ते.

कारण ते पाकीट या घराण्यात सगळ्यांना माहीत होतं. बघितलेलं कुणीच उरलं नव्हतं, दोघींखेरीज.

पस्तीस साली तुळसी तेरा वर्षांची होती, धाकट्या तुकोजीची बायको होऊन मेलवीधीच्या घरात येऊन तिला चार महिने झाले होते. थोरला दीर माधवराव कराचीला एका पेढीत कारकून. त्याची बायको सकवारबाई आणि सहा वर्षांची अलमेलू सासूपाशी तंजावरात. एका सकाळी पोस्टमनने पत्र दिलं ते ओट्यावर फुलं ओवत बसलेल्या तुळसीच्या हातात. कराचीचं पत्र म्हणून ती पळतच आत गेली. सासूबाईंनी लांबूनच पाहिलं, कोपरा फाटलेला. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मरणाचं, हे तंजावरात लहान पोरालाही कळत होतं. असलं पत्र उंबऱ्याच्या आत आणायचं नसतं. ते तुळसीने आत आणलं होतं.

अंगणात तुकोजीने पाकीट उघडलं. आतली शाई धुऊन गेलेली. पाकिटावर जांभळा इंग्रजी शिक्का होता, तोही फिसकटलेला. त्यातला ‘अपघात’ एवढा शब्द तुकोजीला लागला. पत्ता दिराच्या अक्षरात नाही. मग राहिलं काय? तुकोजीने कराचीला तार केली. तारेला उत्तर आलं नाही, कारण उत्तर देणारा तोवर कराचीहून निघाला होता, वाटेत पेढीच्या कामाला थांबत थांबत येत होता. ‘मी निघालो’ हेच त्या पत्रात लिहिलेलं होतं.

दहाव्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने सकवारबाईच्या बांगड्या फोडल्या. बाराव्या दिवशी माधवराव ट्रंक घेऊन दारात उभा राहिला.

ज्याचे दिवस घातले तो जिवंत परत आला तर त्याला नव्याने जन्म घ्यावा लागतो. पुरोहिताने सगळं करवून घेतलं, नाव ठेवण्यापासून. शेवटी लग्न, त्याच बायकोशी. अलमेलूने सहाव्या वर्षी आपल्या आईबापाचं लग्न पाहिलं, आणि ती गोष्ट पुढे शाळेत सांगून हसू मिळवलं. पण त्या मांडवात तुळसीला येऊ दिलं नाही. माधवराव जिवंत, मग पत्राचा कोपरा फाडला कुणी? पत्र कुणाच्या हातात होतं? आदल्याच दिवशी मोगऱ्याच्या गजऱ्यावरून सकवारबाई तिला बोलली होती, हेही सगळ्यांना आठवलं. सासूबाई एकदाच म्हणाल्या, हिने केलं. त्यानंतर कुणाला म्हणावं लागलं नाही.

तुळसीने वर्षभर सांगितलं, मी नाही फाडला. मग सांगायचं सोडलं. वाटण्या झाल्या, तुकोजी नोकरीसाठी एन्नोरला आला, थोरलं घर मैलापूरला आलं. एका शहरात राहूनही लग्नाकार्याला फक्त पत्रिका जात, माणसं जात नसत. तुळसीचं एवढंच राहिलं की कुणाच्या हातात कागद द्यायचा झाला, रेशनकार्ड असो की शाळेची फी-पावती, तर चारी कोपरे दिसतील असा दोन्ही हातांनी धरून देई. हरिप्रसादला लहानपणी वाटे, सगळ्यांच्या आया तसाच देतात.

अशोकरावांच्या पत्नी विद्युलताबाईंनी शिऱ्याच्या बश्या आणल्या, पाहुण्यांसाठी त्याला केसरी म्हणाल्या. अलमेलूने डॉक्टरांचं नाव सांगून नको म्हटलं. कॉफीही नको म्हटली, आणि कॉफीला तर डॉक्टर आडवा येत नव्हता. हरिप्रसादने हवापाणी काढलं. पावसाची गोष्ट निघताच अशोकराव खुलले आणि ऑगस्टची सरासरी सांगू लागले, तेव्हा विद्युलताबाईंनी डोळ्यांनीच त्यांना कपाटाकडे पाठवलं.

त्यांनी मेजावर पांढरं कापड अंथरलं, हात पुसले आणि पारदर्शक पिशवीतून पाकीट चिमट्याने काढून ठेवलं. तुळसीला वाटलं होतं, ते मोठं असेल. तिच्या आठवणीत ते तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हतं. हे तळहाताएवढं, पिवळं, कडा कुरतडल्यासारख्या. तिकिटाच्या जागी फिकट चौकोन. आणि उजवा वरचा कोपरा नाही.

अलमेलू खुर्चीतून उठली नाही. मान मात्र लांब केली.

अशोकराव सांगत गेले. कराचीहून मद्रासला येणारं टपालाचं विमान वाटेत एका तळ्यात उतरलं होतं, म्हणजे पडलंच. चालक वाचला. पिशव्या दुसऱ्या दिवशी काढल्या. पत्रं दोरीवर टाकून वाळवली. तिकिटं आधीच सुटून गेली होती. हा जांभळा शिक्का तेव्हाचा, अपघातातून वाचवलेली डाक असं त्यावर आहे, पूर्ण लागला नाही. पाकीट त्यांनी अठ्ठ्याऐंशी साली ब्रॉडवेच्या एका तिकीटवाल्याकडून घेतलं. त्याने ते मैलापूरच्या रद्दीतून उचललं होतं.

रद्दी म्हटल्यावर अलमेलूने पर्सचं बक्कल उघडलं आणि मिटलं.

हरिप्रसादला एवढं पुरे झालं होतं. तो दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं म्हणाला, “विमान पडलं, कागद भिजला, भिजलेला कोपरा गेला. बस. यात माझ्या आईचा हात कुठे आला? अशोकराव, तुम्ही जाणते. एवढं तुमच्या तोंडून येऊ द्या, म्हणजे आम्ही पत्रिका छापायला टाकतो.”

तुळसीला लेकाची कीव आली. साठीला आलेला माणूस, आणि आईची बाजू मांडताना आवाज शाळकरी होत होता. पण तिने त्याला थांबवलं नाही. तिलाही तेवढंच हवं होतं. फार काही नाही. मरण्याआधी एकदा, थोरल्या घरातल्या एका माणसादेखत कुणीतरी म्हणावं, हिने फाडलं नाही. त्यासाठी ती तीन जिने चढली होती.

“मी बघतो,” अशोकराव म्हणाले. त्यांनी भिंग काढलं, पाकीट उलटं केलं आणि बराच वेळ बघत राहिले. हे त्यांनी पूर्वी अनेकदा पाहिलं असणार, पण असा प्रश्न घेऊन पाहिलेलं नव्हतं. ऊर्मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तुळसी त्यांच्या हाताकडे. हात थांबला.

ते म्हणाले, “एक अडचण आहे.”

“अडचण कसली?” हरिप्रसाद म्हणाला.

“पाठीवर पोचल्याचा शिक्का असतो. पत्र ज्या गावी पोचतं तिथलं पोस्ट मारतं तो. हा तंजावरचा. तो बरोबर फाटलेल्या जागी अर्धा तुटलाय. उरलेला अर्धा गेलेल्या कोपऱ्यावर असणार. म्हणजे तंजावरच्या पोस्टात शिक्का मारला तेव्हा कोपरा जागेवर होता.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “कोपरा गेला तो त्यानंतर. पोस्ट ते घर, या दरम्यान. किंवा घरात.”

खाली रस्त्यावर बसने ब्रेक दाबला तो आवाज तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ आला.

हरिप्रसाद उभा राहिला होता. विमान पडलेलं नाही का मग, असं काहीतरी तो विचारत होता, आणि कागद विमानात सैल झाला नसेल कशावरून, आणि एवढी बारकाई कुणाला हवी होती. अशोकराव दर प्रश्नाला शांतपणे, जे दिसतं ते सांगतो, एवढंच म्हणत होते. शेवटी विद्युलताबाई बशी आपटल्यासारखी ठेवून म्हणाल्या, “अहो, तुम्हाला कुणी पंचनामा करायला बसवलं होतं?”

“खोटं कसं सांगू?”

“खोटं सांगू नका. गप्प बसता येत होतं.”

ऊर्मी तुळसीच्या पायाशी येऊन बसली. तुळसीला तिचं बसणं कळलं, हात लागलेला कळला, पण ती त्या वेळी मेलवीधीच्या ओसरीत होती. पोस्टमनच्या हातातून पत्र घेतलं. मांडीतली फुलं सांडली. ओटा, मग दिंडी, मग चौक. दिंडीला लोखंडी कडी होती. कडीला पदर अडकायचा. पदर अडकत होता तर कागद अडकला नसेल? सत्तर वर्षांत हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की आता कडी जास्त दिसायची आणि पत्र कमी.

“असेल,” ती म्हणाली.

हरिप्रसाद गर्रकन तिच्याकडे वळला.

“पळत आले मी. दिंडीच्या कडीला लागलं असेल. मुद्दाम नाही केलं. पण माझ्याच हातातून गेलं असेल तर माझंच म्हणायला पाहिजे. तुम्ही तसं लिहून ठेवा, अशोकराव. हरी, बस तू. पोरीचं लग्न आहे, आवाज नक्को.”

हरिप्रसाद बसला नाही. बाल्कनीच्या दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. शर्मिष्ठा हळूच तमिळमध्ये आजीला विचारत होती, काय झालं, त्या काय म्हणाल्या. मैलापूरच्या घरात तंजावरी मराठी आता फक्त देवघरापुरती उरली होती, आणि अशोकरावांची सांगलीकडची तिच्या डोक्यावरून गेली होती.

अलमेलू मेजावरच्या पाकिटाकडे बघत होती. मग तिने विचारलं, “आतला कागद कुठं आहे?”

तिच्या आवाजाने सगळेच दचकले. शिरा-कॉफी नाकारण्यापलीकडे आल्यापासून ती आत्ताच बोलत होती.

अशोकराव म्हणाले, वेगळा ठेवलाय. दोन्ही एकत्र ठेवले की घडीवर कागद तुटतो. आत काही राहिलेलं नाही. मोडी आहे, बहुतेक धुऊन गेलंय, पुण्याच्या एका जाणकाराने तीन शब्द लावून दिले होते: ‘पोरीचा खोकला’ आणि ‘काळजी’. त्यांनी दुसरी पिशवी काढली. कागद जवळजवळ कोरा, मातकट, घडीच्या खुणा स्पष्ट. एका कोपऱ्याशी काळसर डाग होता.

“हा डाग?” अलमेलूने बसूनच विचारलं.

“शेजारच्या पत्राचा. ओली पत्रं एकमेकांना चिकटतात, शाई उमटते. असे डाग पुष्कळांवर असतात.”

“घडी घाला. आत ठेवा. जसा होता तसा.”

अशोकरावांना ते आवडलं नाही, हे दिसत होतं. तरी त्यांनी चिमट्याने जुन्या घडीवर कागद दुमडला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि पाकिटात सरकवला. डाग डावीकडे, खालच्या अंगाला गेला.

“उलटा गेला,” अलमेलू म्हणाली. “फिरवून घाला. डाग फाटक्या कोपऱ्याकडे यायला पाहिजे.”

आता तिच्याकडे सगळेच बघत होते. अशोकरावांनी कागद काढला, फिरवला, पुन्हा घातला. पाकीट पालथं केलं. फाटलेल्या जागेतून आतला कागद दिसत होता, आणि त्यावरचा काळसर डाग पाकिटावरच्या अर्ध्या शिक्क्याला जाऊन मिळाला. डाग नव्हताच तो. कमान होती. तंजावर नावाची उरलेली अक्षरं, आणि तारखेचा उरलेला आकडा.

अशोकरावांनी भिंग लावलं, काढलं. चष्मा काढला.

“अठरा वर्षं माझ्याकडे आहे हे,” ते म्हणाले. मग खुर्ची वळवून तुळसीसमोर नीट बसले, जसं चुकीचा आकडा दुरुस्त करताना बसत असतील. “आजी, मी चूक सांगितलं. शिक्का मारला तेव्हा कोपरा नव्हता. म्हणून अर्धा शिक्का पाकिटावर पडला आणि अर्धा आतल्या कागदावर. पोस्टातच ते फाटलेलं आलं होतं. वाळत घालताना गेला असेल. तुमच्या हातात आलं तेव्हा ते असंच होतं. यात शंका नाही.”

ऊर्मी रडायला लागली. हरिप्रसाद बाल्कनीच्या दारातून दोन पावलं आत आला. विद्युलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला काही म्हणाल्या नाहीत.

तुळसीला वाटलं होतं, हे ऐकलं की काहीतरी होईल, छाती हलकी होईल, रडू येईल. तसं झालं नाही. कडी दिसायची थांबली, एवढंच. आणि ती थांबल्यावर तिच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. ती सावकाश आली, पण आली.

“अलमेलू,” ती म्हणाली, “कुठं बघायचं ते तुला कसं माहीत?”

अलमेलू पर्सच्या पट्ट्याशी खेळत होती.

“अप्पांनी बघितलं होतं,” ती म्हणाली. “आल्या दिवशीच. त्यांना विमान पडलेलं कराचीतच कळलं होतं, स्टेशनावर. पत्र हातात घेतलं, आतला कागद असा धरला, आणि आईला दाखवलं. आईला एकटीला.”

“सासूबाईंना नाही दाखवलं?”

“नाही. आजीने स्वतःच्या हाताने आईच्या बांगड्या फोडल्या होत्या, काकी. घाई तिने केली. कुणी फाडलं नाही म्हटलं असतं तर सगळं तिच्यावर आलं असतं. अप्पा पुढच्या महिन्यात परत कराचीला जाणार. आईला राहायचं होतं आजीच्या हाताखाली.” तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. “कुणावर तरी जायलाच पाहिजे होतं. तुम्ही धाकट्या होतात. चार महिन्यांच्या आलेल्या. ते तसं झालं.”

“आक्काने, तुझ्या आईने, मग पत्र ठेवलं कशाला?”

“तेच मला कळत नव्हतं. एकाहत्तर साली आई गेली, त्याच्या आधी आठ दिवस तिने पेटीतून काढून मला दाखवलं. कसं धरायचं, कुठं बघायचं. म्हणाली, तुळसीला सांग. मी सरी, बरं, म्हटलं.” अलमेलूने पर्स उघडून रुमाल काढला आणि तो न वापरता हातात धरला. “नाही सांगितलं. सांगितलं तर आई खोटी पडते. ती गेलेली. मग वर्ष गेलं, मग मुलांची लग्नं. जुनं घर मोडलं तेव्हा ते पाकीट मीच रद्दीत घातलं. घरात असेपर्यंत मला ते दिसायचं. रद्दीवाला वजन करत होता तेव्हा वाटलं, संपलं.”

पस्तीस वर्षं, हरिप्रसाद स्वतःशीच म्हणाला, आणि त्याच्या तोंडून पुढे जे येणार होतं ते तुळसीने हात वर करून थांबवलं.

ती विचार करत होती तो अलमेलूचा नव्हता. सकवारबाईचा होता. एका अंगणात दोन चुली झाल्यावरही सकवारबाई कधी कधी सकाळी तिच्या दारात मोगऱ्याची पुडी ठेवून जात असे, बोलत नसे. तुळसी ती पुडी तुळशीवर वाहून टाकायची. केसात घालायची हिंमत झाली नाही. तिला वाटे, हा टोमणा आहे, त्या गजऱ्याचा. आठ वर्षं ती टोमणा समजून फुलं घेत राहिली.

“आक्काचं मला कळतं,” ती अखेर म्हणाली. “तिला त्याच घरात निजायचं होतं. माझ्या नवऱ्याने मला वेगळं घर दिलं, तिला कुणी दिलं नाही. ते मी सोडलं. पण अलमेलू, तुझं काय? मैलापूर ते एन्नोर बस जाते. तू एकदा आली असतीस तर मी तुझ्या लेकराच्या लग्नात पुढे बसले असते. माझा नवरा ब्याऐंशी साली गेला. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, केलंच असेल हिने, लहान होती. तो मला माफ करून गेला. कळतं तुला? न केलेल्याची माफी देऊन गेला.”

अलमेलूने मान खाली घातली. तिचं ते उंच अंग खुर्चीत लहान झालं. ती काहीतरी पुटपुटली, झालं ते झालं, आता वय झालं सगळ्यांचं, असं काहीतरी. तिला उठायचं होतं असं वाटलं, पण ती उठली नाही.

विद्युलताबाई पुढे होऊन म्हणाल्या, जाऊ द्या, देवाने आजचा दिवस दाखवला, गरम कॉफी आणते. घरच्या बाईने म्हणावं तसंच त्या म्हणाल्या. तुळसीने त्यांचा हात धरून त्यांना जवळ बसवून घेतलं.

“थांबा, बाई. अजून झालं नाही.” मग ती अलमेलूकडे वळली. “तू आत्ता जे बोललीस ते सगळं परत बोल. तमिळमध्ये.”

“कशाला?”

“ही पोरगी.” तिने शर्मिष्ठाकडे बोट केलं. “हिला काही कळलेलं नाही. मी वाईट, एवढं मात्र ती लहानपणापासून ऐकत आली असेल, आणि तेही तमिळमध्येच. मग हेही तिला तमिळमध्येच कळू दे.”

शर्मिष्ठा आजीकडे आणि तुळसीकडे आळीपाळीने बघत होती. चोवीस वर्षांची, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी रविवारीही विसरून अडकवलेली.

अलमेलूने सुरुवात केली. मराठीत ती शब्द शोधत बोलली होती, देवघरातली भाषा वापरून; तमिळ तिची रोजची, भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, नातवंडांशी बोलायची. ती भाषा तिला आडोसा देईना. मराठीत ‘ते तसं झालं’ म्हणून जे सरकवलं होतं, ते इथे कुणी केलं हे सांगितल्याशिवाय पुढे जाईना. आजीने बांगड्या फोडल्या. अप्पा गप्प बसले. अम्मा गप्प बसली. सांग म्हणून मला सांगितलं, मी पस्तीस वर्षं गप्प बसले, आणि कागद रद्दीत टाकला. शर्मिष्ठाने मध्येच विचारलं, म्हणजे यांनी काहीच केलं नव्हतं? अलमेलू म्हणाली, काहीच नाही. तेरा वर्षांची होती. तुझ्या धाकट्या भावापेक्षा लहान.

मग ती जे मराठीत आलं नव्हतं ते म्हणाली, शर्मिष्ठाकडे नाही, तुळसीकडे बघून.

“तप्पु एंगळुदु, काकी. एन मेलयुम तप्पु.” चूक आमची. माझीही.

अशोकरावांना तमिळ कामापुरतं येत होतं. त्यांनी मेजावरचं भिंग उगाच पुसायला घेतलं. हरिप्रसाद येऊन आईच्या सोफ्यामागे उभा राहिला. ऊर्मीचं रडणं थांबलं होतं.

तुळसी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होती. एकेका नावाला तिने मान हलवली होती. आता तिने शर्मिष्ठाला विचारलं, समजलं का?

“पुरिंजदु, पाटी,” शर्मिष्ठा म्हणाली. कळलं, आजी.

“मग तुझ्या बापाला सांग.”

“घरी गेल्यावर सांगते.”

“आत्ता सांग. फोन आहे ना तुझ्याकडे? मी बसते.”

शर्मिष्ठाने आजीकडे पाहिलं. अलमेलूने पर्स मांडीवरून खाली, पायाशी ठेवली. शर्मिष्ठाने मोबाईल काढला. मैलापूरला घंटा वाजत असावी, कारण ती गप्प होती; मग तिचा चेहरा बदलला आणि ती बोलायला लागली, भरभर, तमिळमध्ये, मध्ये मध्ये अडखळत, एकदा पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करत. पलीकडून काय येत होतं ते तुळसीला ऐकू येत नव्हतं. ती पोरीच्या ओठांकडे बघत राहिली, आणि त्यात तिचं स्वतःचं नाव आलं की दर वेळी थोडी पुढे झुकत राहिली.